जोर नको, हत्यार हवं



दुपारची वेळ आहे. कुणी डाळ निवडत असेल, कुणी शेळ्या घेऊन बांधावर असेल, कुणी गटाच्या बैठकीला निघायच्या गडबडीत असेल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आपण लोखंडाबद्दल बोलणार आहोत. गाडीच्या पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर एक पुली असते. ती काढायला आणि बसवायला हत्यार कसं निवडायचं, हा आजचा विषय.

"अगं बाई, हे तर गॅरेजवाल्याचं काम! आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?" असं कुणीतरी नक्की म्हणालं असेल. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. मी बी. ए. केलं तेही मराठी घेऊन. पाना म्हटलं की मला वहीचं पान आठवायचं. पण आमच्या एका गटाची गाडी या एका पुलीपायी दोनदा उभी राहिली, आणि दुसऱ्या वेळी चूक माझी होती. तुमच्या गटाकडे गाडी असेल, पिठाची गिरणी असेल, कडबाकुट्टी असेल, तर ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज बोलते आहे.

आमचा भाग सांगोल्याकडचा. पाऊस कमी, डाळिंबाच्या बागा आणि दूध यावर घरं चालतात. आमच्या एका गटानं बँकेचं कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. सकाळी दुधाचे कॅन, हंगामात डाळिंबाची क्रेट, मधल्या दिवसांत कुणाचं खत, कुणाचा कडबा. गाडी चालवते गटातलीच एक सदस्य. मी तिला वहिनी म्हणते. लायसन काढलं तेव्हा तिच्या घरात आठ दिवस अबोला होता. पुढे हप्ता वेळेवर जायला लागला आणि अबोला संपला.

एका उन्हाळ्याच्या शेवटी स्टीअरिंगच्या पंपातून तेल गळायला लागलं. गाडी गॅरेजला नेली. पंपाच्या शाफ्टवरचं ऑइल सील गेलं होतं. सील बदलायचं तर आधी पुली काढावी लागते, आणि पुली काही निघेना. मग तिच्या मागून छिन्नी घातली, पहार लावली, हातोडा मारला आणि काढली. नवीन सील टाकलं आणि पुली तशीच ठोकून परत बसवली. दोन तासांत गाडी हातात. आम्ही खूश.

चौथ्या दिवशी पट्टा किंचाळायला लागला. आठवड्याभरात तेल पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागलं आणि स्टीअरिंग जड झालं.

इथं थोडं थांबून सांगते, हा पंप करतो काय. इंजिन फिरतं, त्यावरचा पट्टा पंपाची पुली फिरवतो, आणि पंप तेलाला दाब देतो. आपण स्टीअरिंग वळवलं की ते दाबाचं तेल चाकं वळवायला मदत करतं. पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं असतं. ती जागच्या जागी वळवायला किती ताकद लागते, हे जुना ट्रक चालवणाऱ्याला विचारा. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी अवजड गाड्यांची ही अडचण पाहिली आणि १९२० च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग तयार केलं. विक्रीच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडलं. क्रायस्लर कंपनीच्या इंपिरियल गाडीत ते पहिल्यांदा आलं. आज आपल्या साध्या पिकअपलाही ते असतं. पंप बंद पडला तर गाडी वळायची थांबत नाही, पण वळवणं फार जड होतं.

तर आमच्या वहिनीला दुधाच्या डेअरीपुढच्या अरुंद बोळात गाडी वळवता येईना. तीन-तीनदा मागं-पुढं करावं लागायचं. बघणारे होतेच. "बाईच्या मनगटाला स्टीअरिंग पेलत नाही" असं एकजण म्हणाला, मग दुसरा, मग चारजण. गटातल्याच एकीच्या मालकांनी बैठकीत निरोप पाठवला, की गाडीवर एखादा पोरगा ठेवा. वहिनी काही बोलली नाही. नुसती आपल्या तळहातांकडे बघत बसली. दोन्ही हातांवर फोड आले होते.

मैत्रिणींनो, दोष पुलीचा होता आणि नाव मनगटाचं निघालं. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली नव्हती, हे कबूल करते. मलाही वाटलं होतं, की खरंच झेपत नसेल.

मग आम्ही गाडी तालुक्याला दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन चालू करून आम्हाला पुलीकडे बघायला सांगितलं. कुंभाराच्या चाकावर भांडं मधोमध नसलं की ते जसं डुलतं, तशी ती पुली डुलत होती. इंजिन बंद करून त्यांनी पुली हातात धरून हलवली, तर शाफ्टच लचकत होता. म्हणजे आतल्या बेअरिंगला हादरे बसले होते, आणि हलणाऱ्या शाफ्टवर नवीन सील तरी किती टिकणार? पंपच बदलावा लागला.

नवीन पंप आणला, पण त्यावर पुली नव्हती. हे लक्षात ठेवा. असे पंप बरेचदा पुलीशिवाय मिळतात. जुन्या पंपावरची काढून नव्यावर बसवायची किंवा पुली वेगळी घ्यायची. मिस्त्री म्हणाले, "ही पुली काढायचं हत्यार माझ्याकडे नाही. ते आणा. ठोकून मी बसवणार नाही." त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, त्या माणसानं आमचा नवा पंप वाचवला.

आता माझी चूक. बैठक घेतली, तीन दुकानांची दरपत्रकं मागवली. दोन दुकानांनी दोन पायांचा साधा पुलर दिला होता, तिसऱ्यानं एक वेगळाच संच दिला होता आणि त्याची किंमत बरीच जास्त होती. मी समन्वयक. मी म्हटलं, पुलर तो पुलर, सगळ्यात कमी दराचा घ्या. ठराव लिहिला, सह्या झाल्या. कागद अगदी बरोबर होता, हत्यार चुकीचं होतं.

वहिनी आणि तिचा पुतण्या दोघांनी पुलर लावला. त्याचे दोन पाय पुलीच्या बाहेरच्या काठामागं अडकवले, मधला स्क्रू शाफ्टवर टेकवला आणि पिळायला लागले. पुली जागची हलली नाही. तिचा पत्र्याचा काठ मात्र एका बाजूनं वाकला. ताटाची कड वाकावी तसा. आधीच वाकडी असलेली पुली आता पुरती गेली. आमच्या खजिनदार मावशी एवढंच म्हणाल्या, "स्वस्तातलं घेतलं ना?" त्यांनी वहीत पुलीची किंमत लिहिली आणि माझ्याकडे बघितलं. गाडी आणखी पाच दिवस उभी राहिली आणि दुधासाठी भाड्याची गाडी करावी लागली.

यानंतर आम्ही पुतण्याच्या आयटीआयच्या सरांकडे गेलो. तिथं मला जे शिकायला मिळालं ते आता सांगते. हेच आजच्या बोलण्याचं सार आहे.

सरांनी आधी विचारलं, "पुली शाफ्टवर कशानं बसली आहे ते बघितलं का?" आम्ही बघितलंच नव्हतं. हत्यार विकत घेण्याआधी हे बघायचं असतं. ढोबळ मानानं तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार. पुली तीन किंवा चार बोल्टांनी चकतीवर कसलेली असते. हिला पुलर लागतच नाही. पट्टा ताणलेला असताना बोल्ट थोडे सैल करायचे, मग पट्टा काढायचा, मग बोल्ट पूर्ण काढायचे. योग्य मापाचा रिंग पाना पुरतो.

दुसरा प्रकार. मधोमध एक नट असतो. पुली शाफ्टवर निमुळत्या जागी किंवा चावीवर बसलेली असते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. शाफ्टच्या खाचेत बसणारा तो लोखंडी तुकडा, ज्यामुळे पुली शाफ्टवर घसरत नाही. इथं आधी पुली फिरू नये म्हणून धरून ठेवणारं हत्यार लागतं, मग नट काढायचा आणि मग पायांचा पुलर लावायचा. त्याचे पाय काठाला लावायचे नाहीत. मधल्या जाड भागाला, ज्याला गाडीवाले हब म्हणतात, त्याच्या मागं लावायचे.

तिसरा प्रकार आमचा. ना बोल्ट, ना नट. पुली नुसती दाबून बसवलेली. गॅरेजवाले हिला प्रेस-फिट म्हणतात. पुलीचं भोक शाफ्टपेक्षा केसाएवढंही नाही, त्याहून कमी लहान असतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, आठवतं? धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, तापवून चढवतात, पाणी मारलं की ती आवळून बसते. मग ना खिळा लागतो ना दोरी. पुलीही तशीच नुसत्या आवळणीवर बसलेली असते. फरक एवढाच, की ती तापवून बसवत नाहीत, दाबून बसवतात. आणि काढतानाही तिला गॅसच्या ज्योतीनं तापवायचं नाही. मागं रबराचं सील आहे, तेल आहे. सील जळेल आणि तेल पेट घेईल.

अशा पुलीचा हब नीट बघितलात तर त्याच्या टोकाजवळ गोल चर दिसते. ती शोभेची नसते, हत्याराला धरायला ठेवलेली असते. तिसऱ्या दुकानदारानं ज्या महागड्या संचाचा दर दिला होता, तो याचसाठी होता.

त्या संचात मुख्य दोन हत्यारं असतात. एक काढायचं, एक बसवायचं.

काढायच्या हत्याराचे दोन अर्धगोल भाग असतात. ते हबच्या चरीत दोन्ही बाजूंनी बसवायचे आणि वरून कडं सरकवायचं, म्हणजे ते सुटत नाहीत. मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो. एका पान्यानं हत्याराचं अंग धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू पिळायचा. स्क्रू शाफ्टला ढकलतो आणि अर्धगोल हबला ओढतात. पुली सरळ बाहेर येते. काठाला कुणी हातही लावत नाही.

कासार बांगडी कशी भरतो ते आठवा. बांगडी एका बाजूनं ओढली तर पिचते. तो हाताचा पंजा दाबतो आणि बांगडी सगळीकडून सारखी सरकवतो. पुलीलाही जोर सगळीकडून सारखा आणि मध्यापासून लागायला हवा.

बसवायचं हत्यार म्हणजे एक आट्यांचा दांडा, त्यावर मोठा नट आणि नटाखाली एक बेअरिंग. या प्रकारच्या शाफ्टला टोकाकडून आत भोक असतं आणि त्यात आटे असतात. दांडा त्या आट्यांत पूर्ण आत बसवायचा. पुली शाफ्टच्या तोंडाशी सरळ धरायची. दांडा एका पान्यानं स्थिर ठेवायचा आणि नट पिळायचा. नट पुलीला आत दाबतो, दांडा शाफ्टला बाहेर ओढतो.

इथं खरी मेख आहे. हातोडा मारला की दणका पुलीतून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून पंपाच्या पोटात जातो. तिथं बारीक पात्यांचा फिरता भाग असतो, बेअरिंग असतं. या हत्यारानं मात्र एकीकडून ढकल आणि दुसरीकडून ओढ, दोन्ही पुली आणि शाफ्ट यांच्यातच संपतात. पंपाच्या पोटाला काही कळतही नाही.

आता मनगटाचा हिशेब सांगते. सरांनी तो फळ्यावर करून दाखवला होता. समजा पान्याची लांबी २० सेंटिमीटर आहे. एक पूर्ण फेरा मारला तर आपला हात साधारण १२५ सेंटिमीटर फिरतो. तेवढ्यात स्क्रू पुढं सरकतो किती? आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर दीडच मिलिमीटर. म्हणजे हात आठशेपटीहून जास्त चालतो, आणि त्या बदल्यात जोर तितका वाढतो. त्यातला बराच मोठा वाटा आट्यांच्या घासण्यात जातो, म्हणून आट्यांना ग्रीस लावायचं. तरीही जो जोर उरतो तो कुठल्याही पैलवानाच्या दंडापेक्षा जास्त असतो. आपल्या घरात पितळेचा पिळायचा सोऱ्या असतो ना? घट्ट पिठाची शेव हातानं दाबून पडत नाही, पण मूठ फिरवली की सहा वर्षांची पोरसुद्धा पाडते. हेच तत्त्व आहे.

आमच्या ग्रामसंघानं तो संच घेतला. एका गटाला परवडला नसता, म्हणून चार गटांनी मिळून घेतला. नवीन पुली आणली. सरांच्या समोर वहिनीनं आधी जुन्या पंपावरची वाकडी पुली काढून बघितली. सहज निघाली. मग नव्या पंपावर नवी पुली बसवली. पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा, हातात पाना. दर दोन फेऱ्यांनी थांबून पट्टीनं मोजत होती. संपूर्ण काम वीस मिनिटांचं. शेवटचा फेरा झाल्यावर तिनं पाना खाली ठेवला, तळहात बघितले आणि म्हणाली, "एकही फोड नाही." एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी डेअरीच्या बोळात तिनं गाडी एका दमात वळवली. गाडीवर पोरगा ठेवायचा विषय बैठकीत पुन्हा निघाला नाही.

आता तुमचा गट असं हत्यार घेणार असेल, तर दुकानात काय बघायचं ते सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

एक. आधी आपली पुली बघा, मग दुकान गाठा. शक्य असेल तर जुना पंप पिशवीत घालून बरोबरच न्या. ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा ब्लाउज नेतो, तसं. आणि आपल्या गाडीला असा पंप आहे का, हेही बघा. बऱ्याच नव्या मोटारींत स्टीअरिंगला विजेची मोटर असते. तिथं तेलाचा पंप नाही आणि पुलीही नाही.

दोन. आट्यांचं माप. बाजारात मिळणारे बरेच संच अमेरिकी गाड्यांच्या मापानं, म्हणजे इंचात असतात. आपल्याकडच्या गाड्यांना बहुतेक मिलिमीटरचे आटे असतात. संचात मिलिमीटरचे जोड आहेत का ते विचारा. परीक्षा सोपी आहे. दांडा पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी शाफ्टमध्ये फिरवा. पाच-सहा फेरे सहज गेला तर माप बरोबर. एक-दोन फेऱ्यांत अडकला तर चुकीचं. तिथं पान्यानं जोर केलात तर शाफ्टचे आटे जातील.

तीन. काढायच्या हत्याराचे अर्धगोल हबच्या चरीत पूर्ण बसतात का ते लावून बघा. अर्धवट बसले तर जोर आल्यावर निसटतील आणि चरीची कड तोडतील.

चार. बसवायच्या हत्याराला नटाखाली बेअरिंग हवंच. ते नसलं तर नट हबवर घासतो, जोर वाया जातो आणि हब खरवडतो.

पाच. स्क्रूचे आटे स्वच्छ आणि टोक कडक पोलादाचं हवं. हातात घेऊन फिरवा. जागोजागी अडकत असेल तर परत ठेवा.

सहा. दरपत्रक मागवताना नुसतं 'पुलर' लिहू नका. मी तेच केलं होतं. 'प्रेस-फिट पुलीसाठी, काढायचा आणि बसवायचा संच, मिलिमीटरच्या जोडांसह' असं लिहा. तिन्ही दुकानांनी एकाच वस्तूचा दर दिला तरच तुलनेला अर्थ आहे.

मग दोन पायांचा तो साधा पुलर वाया गेला का? नाही. तो आज आमच्या पिठाच्या गिरणीवर आहे. गिरणीची, मोटरची, कडबाकुट्टीची पुली बरेचदा जाड बिडाची असते आणि चावीवर बसलेली असते. तिथं पायांचाच पुलर लागतो. घ्यायचाच तर तीन पायांचा घ्या, पकड सारखी बसते. पण आधी पुलीवर आडवा छोटा स्क्रू आहे का बघा आणि तो सैल करा. चावी बाहेर येणारी असेल तर ती काढा. आणि पाय हबच्या मागंच लावा. बीड वाकत नाही, एकदम तुटतं.

काम करतानाची काळजी थोडक्यात. इंजिन बंद आणि थंड असू द्या, चावी खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गिरणी असेल तर मेन स्विच बंद करून फ्यूज काढून आपल्याजवळ ठेवा. पदर, ओढणी, वेणी घट्ट बांधा. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवायचं की पदराआड खोचायचं ते तुम्ही ठरवा, पण लोंबतं काही नको. डोळ्यांना चष्मा हवा. ताणलेल्या पुलरच्या समोर तोंड नेऊ नका, बाजूला उभ्या राहा. आणि पुलर ताणलेला असताना त्यावर हातोडा अजिबात मारायचा नाही.

काढण्याआधी एक माप घ्या. शाफ्टचं टोक आणि हबचा काठ यांच्यात किती अंतर आहे? अनेक गाड्यांत दोन्ही एका पातळीत असतात, पण सगळ्यांत नाही. वहीत लिहा आणि बसवताना तिथंच थांबा. नंतर शेजारच्या पुल्यांवर सरळ पट्टी किंवा गवंड्याचा ताणलेला दोरा लावून बघा. सगळ्या एका रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर पट्टा झिजतो, किंचाळतो, निसटतो. पुली हातानं सहज शाफ्टवर सरकत असेल तर तिची आवळण गेली आहे. तिथं पत्र्याची पाचर किंवा वेल्डिंग नको, नवी घ्या. शेवटी गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेल भरा, पुढची चाकं उचलून स्टीअरिंग सावकाश दोन्हीकडे वळवत हवा काढा आणि तेल फेसाळत नाही ना ते बघून मगच रस्त्यावर निघा. सांडलेलं तेल मातीत किंवा गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

मैत्रिणींनो, गटाची पंचसूत्री आपण सगळ्या पाठ म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. आमच्या ग्रामसंघानं हत्याराच्या पेटीलाही तीच शिस्त लावली आहे. पेटीवर वही बांधलेली आहे. कुणी नेली, कधी नेली, कोणत्या गाडीसाठी, कधी परत आली. परत घेताना मावशी एक-एक नग मोजून घेतात. आट्यांना ग्रीस नसेल तर पेटी परत घेतच नाहीत. गावातले गॅरेजवालेही आता ती भाड्यानं नेतात. ज्यांनी आमची पुली पहिल्यांदा ठोकली होती, तेही नेतात. त्यांच्यावर राग नाही. त्यांच्याकडे हातोडा होता, म्हणून त्यांनी हातोडा वापरला. माझ्याकडे दरपत्रक होतं, म्हणून मी आकडा बघितला.

त्या वहीच्या पहिल्याच पानावर मावशींनी माझ्या चुकीची नोंद ठेवली आहे. 'वाकलेली पुली, एक. कारण : हत्यार न बघता घेतले.' मी ती खोडायला सांगितली नाही. नवीन गटाच्या बायका पेटी न्यायला येतात तेव्हा आधी ते पान वाचतात, मग आपली पुली बघून येतात.

तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, की हे काम बाईच्या हाताला झेपत नाही, तर लगेच भांडू नका आणि लगेच मान खालीही घालू नका. आधी विचारा, हत्यार कोणतं वापरलं होतं?

तुमच्या गटाकडे कोणतं यंत्र आहे, त्याचं कुठलं काम अडतं, ते आम्हाला कळवा. जमलं तर पुढच्या बोलण्यात तेच घेऊ. आता डाळ निवडून झाली असेल, शेळ्याही लांब गेल्या असतील. येते मी. नमस्कार.